वाटणीपत्रातली ती एक ओळ



आपल्यापैकी पुष्कळ घरांत कोणीतरी वंशावळ करायला घेतलेली असते. मूळ गाव कोकणातले की देशावरचे, बडोद्यात आलो ते गायकवाडांच्या फौजेबरोबर की पुढे सयाजीराव महाराजांच्या नोकरीसाठी, कुलदैवत कोणते, हे कळले की तक्ता भरत जातो. त्या तक्त्यात जागा न मिळालेल्या माणसांविषयी आज थोडे बोलू या.

सुरुवात लांबून करते. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात डेव्हिड पॅटरसन नावाचा एक म्हातारा जमीनदार होता. १८५० साली त्याने मृत्युपत्र केले. चरखे, विळे, गुरेढोरे वारसांत वाटून दिली आणि त्यांच्याच सोबत मेलविनिया नावाची एक काळी मुलगीही. वय सुमारे सहा वर्षे. तो वारल्यावर मालमत्तेची मोजदाद झाली, त्यात तिची किंमत लावली ४७५ डॉलर. मग तिला तिच्या माणसांपासून तोडून जॉर्जियात धाडले. तिथे तिला एका गोऱ्या माणसापासून मुलगा झाला, डॉल्फस. २००९ साली अभ्यासकांनी कागद जुळवून दाखवले, की हा डॉल्फस म्हणजे मिशेल ओबामा यांचे खापरपणजोबा. १९३८ मध्ये मेलविनिया वारली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांच्या नावापुढे "माहीत नाही" एवढेच लिहिले गेले. तिच्या बालपणाचा माग लागला तो तिच्या मालकाच्या मृत्युपत्रातून.

"ते तिकडचे, आपल्याकडे असले काही नव्हते," असे कोणी म्हणेल. मोल्सवर्थचा जुना मराठी कोश उघडून पाहा. 'कुणबीण' या शब्दाचा एक अर्थ कुणबी जातीची स्त्री, आणि दुसरा सरळ 'गुलाम स्त्री'. 'बटीक' याचाही अर्थ तोच. आज वर्तमानपत्रात "अमुक संस्था सत्तेची बटीक झाली" असे आपण सहज वाचतो. त्या शब्दामागे खरीखुरी बाई होती हे विसरून गेलो आहोत.

शिवाजी महाराजांनी १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात गुलामांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली होती. याचा अभिमान वाटायलाच हवा. पण पुढे पेशवाईत कुणबिणींच्या नोंदी भरपूर सापडतात. कोणी दुष्काळात विकली गेलेली, कोणी लढाईत पकडून आणलेली, कोणी बदकर्माच्या आरोपावरून शिक्षा म्हणून सरकारजमा झालेली. त्या सरकारी कोठ्यांत, मुदपाकखान्यात, बागांत राबत. मर्जीतल्या माणसांना बक्षीसही दिल्या जात. त्यांची मुलेही मालकाचीच.

आपल्याकडे पूर्वी मृत्युपत्रापेक्षा वाटणीपत्राची रीत अधिक. वाटणीचे नियम सांगणारी मिताक्षरा कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य दरबारात विज्ञानेश्वराने लिहिली. तिच्यात दासींचाही विचार आहे. भावांच्या संख्येत त्या समान वाटल्या जात नसतील, तर त्यांची किंमत करून वाटणी करू नये. आळीपाळीने प्रत्येकाकडे काम करवून घ्यावे. पॅटरसनच्या आधी सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा नियम आहे. कंपनीच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता गेली, आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली.

हे सगळे तुम्हा तरुण मंडळींना सांगायचे कारण असे. घरातली जुनी ट्रंक आता तुमच्याच हाती येणार आहे. तिच्यातले मोडीतले वाटणीपत्र, दानपत्र, लग्नखर्चाची यादी कोणाकडून वाचून घ्याल, तेव्हा फक्त आपल्या आडनावाच्या ओळी टिपून थांबू नका. भांडी, दागिने, गुरे यांच्या मध्येच एखादे एकटे नाव आहे का ते पाहा. त्याच्यापुढे बापाचे नाव नसेल, आडनाव नसेल, गावही नसेल. तेच नाव पुढच्या सालच्या खर्चात लुगड्याच्या किंवा धान्याच्या नोंदीत पुन्हा येते का, तिच्या मुलाची नोंद आहे का, हे शोधा. अशा माणसाचा माग मालकाच्या कागदांतूनच काढावा लागतो. अमेरिकेत तसाच काढला, इथेही तोच मार्ग.

घरात कागद नसतील तर बडोदे संस्थानचे दफ्तर आपल्या गावात, गुजरातच्या पुराभिलेख खात्याकडे आहे. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. मोडी येत नसेल तरी अडत नाही. बडोद्याच्या नोकरीत उमेद घालवलेल्या रियासतकार सरदेसायांनी १९३० पासून पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून घेतले, ते देवनागरीत आहेत. तिथून सुरुवात करा.

असे नाव सापडले तर घरातले कोणी म्हणेल, "जाऊ दे, कशाला उकरायचे?" त्यांच्याशी वाद घालू नका, पण ओळ गाळूही नका. आपल्या पणजोबांना ज्या हातांनी न्हाऊमाखू घातले ते हात कदाचित त्याच ओळीतले असतील. कदाचित नाते त्याहून जवळचे असेल आणि कोणी कधी लिहिले नसेल. आणि आज याच गावात दुसऱ्या कुठल्या घरातली एखादी मुलगी आपल्या आजीच्या आजीचे नाव शोधत असेल, तर ते तिला तिच्या घरात मिळणार नाही. मिळालेच तर तुमच्या ट्रंकेत मिळेल.

म्हणून तक्त्यात आपल्या लेकी-सुनांची नावे घाला, ती अजूनही पुष्कळ वंशावळींत नसतात, आणि खाली एक रकाना ठेवा: 'या घरात राहिलेली माणसे'. नाव, साल, कोणत्या कागदात सापडले, एवढे पुरे. त्या कागदाचा फोटो काढून जपून ठेवा, कारण वाळवी वाट पाहत नाही.