पोटखराबा आणि कीटकभक्षक वनस्पति

सात-बाराच्या उताऱ्यांत लागवडीच्या क्षेत्राबरोबर पोटखराब्याचा आंकडा असतो. महसुली दप्तरांत या शब्दाचा अर्थ इतकाच कीं, या तुकड्यांत पीक येत नाहीं, सबब त्यावर आकार नाहीं. तो तुकडा निरुपयोगी आहे, असें दप्तरानें कधींही म्हटलेलें नाहीं; हा अर्थ आपण मागाहून लावून घेतला.

भिवंडी तालुक्यांत या समजुतीची किंमत मोठी पडत आहे. मानकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या गांवांच्या शिवारांत जेथें भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज गुदामांच्या रांगा उभ्या आहेत. खाचर विकतांना मालक निदान भाव तरी विचारतो. पाझराचा ओला कातळ मात्र मुरूम टाकून फुकटांत बुजविला जातो.

कोंकणांत कीटकभक्षक वनस्पतींचें घर नेमकें अशाच जागीं असतें. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांस चिकट थेंब असतात. किडा अडकला कीं केस त्याजवर वांकतात व पाचक रस त्यास विरघळवितो. सीतेचीं आसवें या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या निळसर फुलांच्या वनस्पतीस बारीक फुगे असतात. पाण्यांतील सूक्ष्म जीवाचा स्पर्श होतांच फुग्याचें दार उघडून तो सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी वेळांत आंत ओढला जातो. कातळावरील पातळ माती मुसळधार पावसानें धुपते, तींत नत्र फारसें उरत नाहीं. ती उणीव या वनस्पति शिकारीनें भरून काढतात. चार्लस डार्विन यानें १८७५ सालीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. साताऱ्याजवळील कास पठाराचा २०१२ सालीं जागतिक वारशांत समावेश झाला. तेथें लोक तिकीट काढून हीं फुलें पाहतात.

ज्यास हें कौतुक अंगणांत पाहावयाचें असेल, त्यानें फूटभर खोलीचा प्लास्टिकचा टब घ्यावा. सिमेंटची कुंडी नको, तींतून चुना सुटतो. तळास भोंक न पाडतां कांठापासून ३ इंच खालीं बाजूस एक पाडावें, म्हणजे खालीं ओल टिकून जास्त पाणी निघून जाईल. नदीची धुतलेली वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग मिसळून टब भरावा. खाडीची वाळू खारी असते, ती वर्ज्य. भुशांतही क्षार असतो, म्हणून तो तीन-चार वेळां धुवावा. पाणी पागोळ्यांचें धरून ठेवलेलें द्यावें; बोअरच्या पाण्यांतील क्षार सांचत जाऊन अपाय करितात. शेणखत वा युरिया कणभरही घालूं नये. डांस होऊं नयेत म्हणून मातीवर पाणी उघडें सांचूं देऊं नये. टब भरपूर उन्हांत ठेवून मृगाच्या सुमारास दवबिंदूचें धुळीसारखें बीं वरच्यावर भुरभुरावें, मातीनें झांकूं नये. बीं पावसाळ्याअखेर, जमीनमालकास विचारून, चिमूटभरच घ्यावें. रोपें मात्र उपटूं नयेत.

या वनस्पति पिकावरील कीड आवरतील, असें कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. एवढ्याशा रोपाची भूक चिलटामुंगीपुरतीच असते. टबाचा खरा उपयोग शिकवणीचा आहे. खत घातल्यानें मरणारी व निकस मातींत फुलणारी वनस्पति मुलाबाळांनीं पाहिली, म्हणजे निकस जमिनीसही स्वतःचें पीक असतें, हें त्यांस वेगळें सांगावें लागणार नाहीं.

परंतु टब म्हणजे पाझर नव्हे. अंगणांत टब ठेवून शिवारांतील ओला कोपरा बुजविणें म्हणजे तसबीर भिंतीस लावून माणूस घराबाहेर काढण्यासारखें आहे. बांधावरून युरियाचें पाणी त्या कोपऱ्यांत उतरलें, तरी गवत माजून या ठेंगण्या वनस्पति दडपून जातात. म्हणून ज्याच्या सर्व्हे नंबरांत असा तुकडा असेल, त्यानें तेथें मुरूम टाकूं नये व खताचें पाणी त्या बाजूस वळवूं नये. त्या तुकड्यावर सरकार आकार घेत नाहीं. राखण्यासही खर्च नाहीं. उताऱ्यावर पोटखराब्याचा आंकडा जसा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तसा तो तुकडाही पुढील पिढीच्या हातीं ओला जावा.