पूल आधी बसचा, आधी पायी चालणारीचा

मैत्रिणींनो, रेशन, पाणी, दारू हे बायकांचे प्रश्न आणि पूल मात्र इंजिनियर, ठेकेदार व पुढाऱ्यांचा प्रश्न, अशी वाटणी आपणही नकळत मान्य करून बसलो आहोत. ती मोडायची वेळ आली आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमरावतीत राजकमल चौकाजवळचा रेल्वे उड्डाणपूल धोकादायक ठरला आणि वाहतुकीला बंद झाला. धोक्याचा पूल चालू ठेवा, असे कुणीच म्हणणार नाही. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळला. मेलेल्यांत जी. टी. रुग्णालयाच्या तीन परिचारिका होत्या, रात्रपाळीला पायी निघालेल्या. त्या पुलाची तपासणी आधी झाली होती आणि कागदावर तो वापरण्याजोगा होता. तेव्हा आमचे भांडण पूल बंद करण्याशी नाही. बंद केल्यानंतर कुणाचा विचार होतो आणि कुणाचा होत नाही, त्याच्याशी आहे.

पूल बंद झाला की पर्यायी मार्गाचे फलक लागतात. ते कुणासाठी असतात? दुचाकी आणि चारचाकीसाठी. मोटरसायकलवाल्याला वळसा म्हणजे थोडे जास्तीचे पेट्रोल. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तोच वळसा म्हणजे जाता-येता तासभर. तेवढ्यात तिचे एक घर सुटते. दिवस भरलेल्या बाईला डफरीनला न्यायचे तर रिक्षावाला सांगेल तो भाडा. मुलीचे कॉलेज लांब पडले, अंधार होऊ लागला, की घरचे म्हणतात, "राहू दे आता शिक्षण." हा खर्च पुलाच्या कोणत्या अंदाजपत्रकात धरलेला असतो?

२०११ च्या जनगणनेत, कामाला कशाने जाता, हे विचारले गेले. बायका प्रामुख्याने पायी आणि बसने जातात, सायकल-मोटरसायकल पुरुषांकडे, हे त्यातून सरकारच्याच आकड्यांनी सांगितले. आपल्याला ते घरातच दिसते. घरात एक गाडी आली की किल्ली कुणाच्या खिशात जाते?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. दाटीवाटीच्या शहरात पूल नवा बांधताना पहिला हक्क बसचा आणि पायी चालणाऱ्यांचा. जिथे जागा एकाच गोष्टीपुरती आहे, तिथे पूल फक्त त्यांचाच. हे काही जगावेगळे नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराने २००६ मध्ये नदीवर असा पूल उभारला. त्यावरून बस, सायकली आणि माणसे जातात, खासगी मोटारी नाही. एलिनोर शोनेल या शिक्षणतज्ज्ञ बाईचे नाव त्याला दिले आहे.

लगेच म्हटले जाईल, "गाड्यांची कोंडी होईल त्याचे काय?" एका एस.टी.त चाळीस-पन्नास माणसे बसतात. तेवढ्यांना एकेकट्याने मोटारीत बसवून पाहा, मग कोंडी कोण करते ते कळेल. दुसरा आक्षेप खरा आहे. "बस आहेतच किती?" कमी आहेत. म्हणूनच पूल आणि बस एकाच मागणीपत्रात हव्यात. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. पण बस आपल्याला कामापासून लांब उतरवणार असेल, तर वाचलेले पैसे रिक्षालाच जाणार.

आता बांधकामाच्या कारभाराचे पाहू. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. उघड्या रस्त्यावर डांबर टाकणे आणि भरवस्तीत रुळांवर गर्डर चढवणे एक नव्हे, हे आम्हालाही कळते. रेल्वेची परवानगी लागते, गाड्या थांबवून ठरावीक तासांतच काम होते, पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा हलवाव्या लागतात. पण मग या सगळ्याचा मेळ आधीच नको का घालायला? अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ ला त्याची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळेना! पूर्ण पूल २०२५ च्या मे महिन्यात खुला झाला. पुलाला सलग दोन बाजू नाहीत, हे बांधताना कुणाच्या लक्षात आले नाही?

आणि पूल बांधतात कोण? त्यात डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायाही असतात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून जास्त स्त्री मजूर असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले होते. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला आहे. पण कायदा जुना असो की नवा, किती पुलांखाली तुम्ही पाळणाघर पाहिले? मूल झोळीतच असते, सिमेंटच्या धुळीत.

तेव्हा अमरावती असो की अकोला, पुलाचे काम निघाले की या मागण्या घेऊन जायचे:

१. पूल बंद करण्याआधी पर्यायी बस सुरू करा. वळशाचे जादा भाडे प्रवाशांकडून घेऊ नका.

२. काम चालू असताना पायी जायला दिवे असलेली, कुंपण घातलेली सुरक्षित वाट ठेवा.

३. नव्या पुलावर बससाठी राखीव पट्टा आणि रुंद पदपथ नकाशातच दाखवा. नंतर बघू, हे चालणार नाही.

४. कामाचे टप्पे, तारखा, ठेकेदार आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव कामाच्या जागी मराठीत लावा.

५. मजूर बायांसाठी संडास, पिण्याचे पाणी आणि पाळणाघर पहिल्या दिवसापासून द्या.

महापालिकेत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. आपल्या प्रभागातल्या नगरसेविकेला गाठा, हे पाच मुद्दे तिच्या हातात द्या आणि सभेत कोणत्या तारखेला मांडणार ते विचारून घ्या. उद्घाटनाला आरतीचे ताट धरायला आपल्याला बोलावतातच. यावेळी नकाशा काढण्याच्या बैठकीला, न बोलावताही, जाऊन बसू या.