‘पुढे न्या’चा हिशेब

जालना जिल्ह्यात आता दवाखान्यांचा तुटवडा पूर्वीसारखा राहिलेला नाही. तुटवडा आहे तो एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या रुग्णाची जबाबदारी घेणाऱ्याचा. मंठ्याचा किंवा परतूरचा गंभीर रुग्ण आधी जालन्याला येतो आणि तिथून ‘पुढे न्या’ म्हटले की आणखी साठेक किलोमीटरवरच्या, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाकडे निघतो. त्याला कोणी, कोणत्या कारणाने, कोणत्या अवस्थेत पाठवले आणि पुढे खाट होती का, हे एकत्र मांडणारे पान सामान्य माणसाला कुठेच पाहायला मिळत नाही.

कागदावर सारे काही आहे. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाखांवर लोकसंख्या. त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, जालन्यात जिल्हा रुग्णालय आणि गांधी चमनचे स्त्री रुग्णालय. धर्मादाय परंपरेतले मिशन हॉस्पिटल आणि गणपती नेत्रालय. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय. कोविडच्या काळात राज्याचे आरोग्यमंत्रीही जिल्ह्यातल्याच घनसावंगीचे आमदार होते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत जालना आहे. पण इमारती, पाट्या आणि पदे यांची बेरीज म्हणजे व्यवस्था नव्हे.

उपचारांची सुरुवात बहुधा खासगी दवाखान्यात होते. तो दवाखाना जवळ असतो, रात्री दार उघडतो आणि सलाईन लगेच लावतो. दोन दिवसांनी मोठ्या दवाखान्यात जावे लागते, तिथे आधी डिपॉझिट. ते भरायला मणी-मंगळसूत्र सराफाकडे जाते, नाहीतर हातउसने होते. पैसे संपले की नातेवाइकांना सरकारी रुग्णालयाची वाट दाखवली जाते. तिथे केसपेपर मोफत निघतो. पण पुष्कळदा एक चिठ्ठीही हातात पडते आणि तिच्यावरची औषधे बाहेरून आणायची असतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत, बाळंतपणे वगळता, दाखल रुग्णाचा देशपातळीवरचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये निघाला, तर खासगीत ३१,८४५. सातपट फरक आहे, तरी लोक खासगीत जातात. सरकारी दारात त्यांना काय अनुभव येत असेल, याचा हा पुरावाच आहे.

नांदेडच्या सरकारी रुग्णालयात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ च्या संधीला चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात बालके होती. खासगी रुग्णालयांनी अखेरच्या टप्प्यात रुग्ण आमच्याकडे पाठवले, असे तेव्हा सरकारकडून सांगण्यात आले. हे खरे मानले तर खासगीतून निघणाऱ्या रुग्णाची नोंद कोणी ठेवत नव्हते, ही सरकारने स्वतःच दिलेली कबुली ठरते. एवढा गदारोळ होऊनही चर्चा औषधांच्या साठ्यापाशी आणि अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावणाऱ्या खासदारापाशीच घुटमळत राहिली.

तिजोरी मात्र दोन्ही दारी पैसे मोजते. सरकारी रुग्णालये ती चालवतेच; शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयांची बिलेही भरते. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना आता सर्व रेशनकार्डधारकांसाठी आहे, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे आणि २०२३ च्या निर्णयानुसार यादीत १,३५६ उपचार होते. तिच्यामुळे अनेकांचे हृदय आणि मूत्रपिंड वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण योजना प्रामुख्याने दाखल रुग्णाच्या ठरावीक उपचारांचे पैसे देते. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, तापाचे औषध हे योजनेबाहेरच. म्हणजे आजार बळावेपर्यंत योजना बाजूला उभी, बळावला की पॅकेज मंजूर.

दाखल करण्यातच मिळकत असली की काय होते, हे शेजारच्या बीडने दाखवले आहे. तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंबड-घनसावंगीतूनही ऊसतोडीला कोयते, म्हणजे मजूर जोडपी, निघतात. जालन्याने हा आकडा परका समजू नये.

खासगी डॉक्टरला खलनायक ठरवून काही साधणार नाही. अर्ध्या रात्री तालुक्याच्या गावी तोच असतो. त्याला नियम हवा आणि तो नियम पाळला जातो का, हे पाहणारा माणूस हवा. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे जानेवारी २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. मे २०२० मध्ये सरकारने कोविड रुग्णांसाठी खासगी खाटेचे दर दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० असे बांधले होतेच. पळवाटा निघाल्या, तक्रारी झाल्या, तरी दर ठरवता येतात हे सिद्ध झाले.

नव्या सरकारी महाविद्यालयाचा उपयोग हे ‘पुढे न्या’ कमी करण्यासाठी करायला हवा. मात्र त्यात एक मेख आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासूनचा मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्यात नाहीत. महाविद्यालयाच्या निमित्ताने जिल्हा रुग्णालयाची सूत्रे एका विभागाकडून दुसऱ्याकडे जाताना जालनेकरांचा मोफत केसपेपर जाता कामा नये, हे सरकारने आत्ताच लिहून द्यावे. जन आरोग्य योजनेचे दावे सरकारी रुग्णालयांनाही करता येतात. त्या पैशातून भूलतज्ज्ञ आणि औषधे मिळाली, तर घाटीकडे जाणाऱ्या रुग्णवाहिका कमी होतील.

आणि ज्या जातील, त्यांच्यासोबत सही-शिक्क्याचा कागद असावा: पाठवण्याचे कारण, दिलेले उपचार, पुढे खाट असल्याची फोनवरून केलेली खात्री. हा नियम सरकारी आणि खासगी दोघांनाही लागू करावा आणि अशा पाठवण्यांची तालुकावार यादी जिल्हा शल्यचिकित्सकांनी दर महिन्याला जाहीर करावी. त्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना नवी इमारत. पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.