गिधाडे परत येतील काय?

सीतेसाठी रावणाशी झुंजलेला जटायू इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे पडला, अशी आमच्या नाशिक जिल्ह्यातील लोकांची श्रद्धा आहे. त्या जटायूच्या कुळाचा आपल्या डोळ्यांदेखत जवळजवळ निर्वंश झाला, आणि आपणांस त्याची खंतही वाटली नाही! १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारांत एखादेच उरले. बोत्स्वानात २०१९ साली शिकाऱ्यांनी विष घातलेले हत्तींचे मांस खाऊन पाचशेहून अधिक गिधाडे मेली. तेथे निदान हेतू तरी दुष्ट होता. येथे गुरांच्या वेदना शमविणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने घात केला. मृत जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई व त्याची मूत्रपिंडे निकामी होत.

२००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे वाढविलेली दहा गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबात आणून ऑगस्टमध्ये मोकळी सोडण्यात आली. एकाने तामिळनाडूपर्यंत मजल मारली, काही दगावली. वर्षाकाठी एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत प्रत्येक मृत्यू महागात पडतो. तरीही हा प्रयोग चालू राहावा, असेच आमचे मत आहे.

परंतु गिधाडाचे भवितव्य पिंजऱ्यात ठरत नाही, ते गोठ्यात ठरते. बंदीनंतर माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. त्यांवर ३ मिलिलिटरची मर्यादा येण्यास २०१५ साल उजाडले. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवर बंदी आली ती २०२३ मध्ये! एकेका औषधाचा दोष सिद्ध होईपर्यंत गिधाडांनी मरत राहावयाचे, हा न्याय उफराटा आहे. गुरांसाठीचे कोणतेही नवे वेदनाशामक गिधाडांना निर्धोक ठरल्यावाचून बाजारात येताच कामा नये. मेलॉक्सिकॅमसारखे निर्धोक औषध उपलब्ध असता शेतकऱ्याचीही अडचण होण्याचे कारण नाही.

अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अद्याप घरटी करतात. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनखात्याने व ग्रामस्थांनी मृत गुरे त्यांच्यासाठी ठेवण्याची सोय केली, ही गोष्ट निःसंशय स्पृहणीय आहे. मात्र गिधाड पोटासाठी शंभर मैलही हिंडते. तेव्हा सिन्नर-निफाडच्या दूधपट्ट्यातील औषधदुकानांची तपासणी अन्न व औषध प्रशासनाने नियमितपणे करावी आणि तिचे निष्कर्ष जाहीर करावेत.