रोजचे लिहिणे : टाकाऊ की टिकाऊ?

वाङ्मय मंडळाच्या बैठकीत परवा एक किरकोळ वाद झाला आणि किरकोळ असूनही तो दोन तास चालला. आमचा एक मित्र रोज रात्री मोबाईलवर पाचपन्नास ओळी लिहितो. सकाळी मेट्रोत बसायला जागा मिळाली की नाही, कोणत्या कंपनीने कोणता नवा फोन आणला, त्याचा कॅमेरा कसा, रात्री कोणता सिनेमा पाहिला आणि तो मध्यंतरानंतर का ढेपाळला, डब्यातल्या बोंबलाच्या कालवणावर वर्गात कोणी नाक मुरडले. असे सारे काही. त्यातली काही पाने त्याने वार्षिकांकासाठी दिली. "हे साहित्य आहे का?" असा प्रश्न संपादक मंडळातल्या एका विदुषीने केला. एक सर म्हणाले, "लिहिलेय बरे, पण उद्या शिळे होईल." मित्र गप्प. तो लिहितो झरझर, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याची दातखीळ बसते. म्हणून त्याचे वकीलपत्र मी घेतले आहे. मात्र अशिलाचेही काही चुकते असे माझे मत आहे आणि तेही मी इथेच मांडणार आहे, हे त्याने मनात धरून ठेवावे.

प्रथम शिळेपणाचे पाहू. पेण तालुक्यातले वरसई गाव आपल्या पनवेलपासून काही फार लांब नाही. तिथले विष्णुभट गोडसे घरावरचे कर्ज फेडण्यासाठी चार पैसे मिळवावेत म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. वाटेत बंड पेटले आणि भटजीबुवा थेट झाशीच्या वेढ्यात सापडले. पैसे काही हाती लागले नाहीत. परतताना गंगेची कावड तेवढी खांद्यावर होती. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली आणि १९०७ साली ती 'माझा प्रवास' या नावाने छापली गेली. आता त्या पुस्तकात इतिहासाचार्याची ऐट कुठे आहे? कुठे काय जेवलो, दक्षिणा किती मिळाली, राणीची दिनचर्या कशी होती, लूट चालू असताना आपण कुठे दडलो, हेच तर त्यात आहे! काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी थकलेली, तहानलेली राणी त्यांना भेटते आणि भटजींना पाणी ओढू न देता स्वतःच ओढून घेते. हा प्रसंग एकदा वाचला की विसरत नाही. लढाईच्या तारखा सरकारी कागदांतून मिळतात. ती विहीर मात्र एका भिक्षुकाने लिहून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली.

आणि आपल्याच तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके? त्यांनी लिहिलेली आत्मकथा आणि रोजनिशी १८७९ च्या खटल्यात त्यांच्याविरुद्धच पुरावा म्हणून पुढे आली. रोजनिशी लिहिणे हे बिनधोक काम असते असे कोणी समजू नये! (आमच्या मित्राच्या लिखाणात परीक्षेच्या आदल्या रात्री तो कुठे होता याची सविस्तर नोंद आहे; ती पाने त्याने अंकाकडे दिलेली नाहीत, हे शहाणपणाचे झाले.)

तेव्हा रोजचे म्हणून हलके, ही समजूत सोडून द्यावी असे मी सर्वांना नम्रपणे सुचवतो. मोबाईल आणि सिनेमा हे विषय क्षुद्र आहेत, असेही मला वाटत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर दहावीस वर्षांत गावोगावी एका घराच्या ओटीवर साठ-साठ माणसे दाटीवाटीने बसून शनिवार-रविवारचा सिनेमा पाहू लागली. कोण कोणाच्या दारात गेले, कोणाला आत घेतले, कोणाला खिडकीतून पाहावे लागले, यात त्या काळचे सगळे समाजशास्त्र येते. ते त्या वेळी कोणी लिहिले असते तर आज आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी त्याचे चीज केले असते.

आता अशिलाकडे वळतो. त्याची वर्षभराची पाने मी मुद्दाम बसून वाचली. कोणता फोन कोणत्या तारखेला बाजारात आला, हे त्यात बिनचूक आहे. कॅलिफोर्नियात एखाद्या कंपनीने काय जाहीर केले, ते त्याच रात्री ओव्यात उतरलेले आहे. पण ओवे कुठे आहे? तो राहतो ओव्यात, मीही राहतो ओव्यात. एका बाजूला खारघरचे टॉवर, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये आमचे गाव. एवढी अजब जागा पायाखाली असताना वर्षभरात गावाचे नाव आले ते फक्त चार वेळा, आणि त्यातही दोनदा रेंज गेली म्हणून!

याचा राग मी का मानतो तेही सांगतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. भाताची खाचरे गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हे सर्व छापील आहे, भाषणांतूनही दरवर्षी ऐकतो. पण खाचर गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत माणसे घरात बसून काय करत होती? मोबदल्याच्या पैशातून पहिली वस्तू कोणी काय घेतली? हे मी घरी विचारले. आजी म्हणाली रेडिओ, काका म्हणाले पंखा, वडील म्हणाले काहीच नाही, सगळे लग्नात गेले. तिघांत भांडण जुंपले आणि मी वही मिटली. कोणाकडे एक ओळ लिहिलेली नाही.

तीच चूक आम्ही पुन्हा करतो आहोत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. ते फुकटचे इंटरनेट आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला आठवते. त्यानंतर सव्वीस दिवसांनी, १ ऑक्टोबरला, पनवेल महानगरपालिका झाली आणि आमचे गाव पंचायतीतून शहरात गेले. त्या दिवशी गावात काय बोलणे झाले, हे आम्हां दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही. फोनवर काहीतरी पाहत असू!

करमणुकीचेही तेच. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. पोथी नाही, कागद नाही, सगळे विधी तिच्या तोंडच्या गाण्यावर चालतात. आता मांडवात डीजे आला की तिचा आवाज चार हातांवरही पोहोचत नाही. डीजेने कोणती गाणी वाजवली, ती कोणत्या सिनेमातली, याची यादी मित्राच्या पानांत आहे. धवलारणीने काय गायले ते नाही. मी डीजेवर बंदी घाला म्हणत नाही, मीही नाचतो. पण एकाच मांडवातल्या दोन आवाजांपैकी एकच ऐकू यावा, हे लिहिणाऱ्याच्या कानाला शोभत नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, कारण मित्राला तंत्रज्ञानाच्या बातम्यांचे वेड आहे. पूर्वी संगणकावरचे मराठी फॉन्ट प्रत्येकाचे वेगळे असत. 'क' साठी एकाचा क्रमांक एक, दुसऱ्याचा दुसरा. इथे टाइप केलेला मजकूर तिथल्या संगणकावर उघडला की नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसे. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. मोबाईलवर मराठी चालते ती या सोयीवर. इतकी सोय हाताशी असताना आम्ही रोमन लिपीत 'kasa ahes' लिहितो, याला काय म्हणावे! शिवाय लिहिलेले ठेवतो कुठे? परक्याच्या ओसरीवर. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी. तिथे लाखो लोकांनी लिहून ठेवलेल्या गप्पाटप्पा, भांडणे, वाढदिवसाच्या शुभेच्छा मालकाने दार लावताच दिसेनाशा झाल्या. गोडसे भटजींचे बाड निदान ओळखीच्या माणसाच्या हाती होते. म्हणून मित्राला माझी मागणी एवढीच की महिन्यातून एकदा आपली पाने कागदावर छापून घे, वर तारीख घाल, बोंबलांचा भाव घाल, मेट्रोचे तिकीट किती ते घाल.

हे सगळे त्याला बैठकीनंतर ऐकवले तेव्हा तो पुन्हा गप्पच राहिला. पण रविवारी स्वतः होऊन म्हणाला, चल, धवलारणीकडे जाऊ. गेलो. आजींनी आधी चहा दिला, मग आम्ही कोणाची मुले हे तीन पिढ्यांपर्यंत तपासून घेतले आणि मगच दोन धवले सांगितले. त्याने ते मोबाईलवर उतरवून त्यांना वाचून दाखवले. आजींनी सात शब्द दुरुस्त केले आणि एका ठिकाणी तर त्याला चांगलेच झापले, कारण नवरीच्या मामाची ओळ त्याने काकाच्या तोंडी घातली होती. ते पान आता त्याने जुन्या पानांच्या जागी मंडळाकडे दिले आहे. फोनच्या कॅमेऱ्याविषयीचा परिच्छेद त्याने शेवटी तसाच ठेवला; तो काढायला तो काही केल्या तयार नाही, आणि संपादकांनीही तो काढू नये.