फोटोचा लीस्ट काउंट

हल्ली हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी झूमवाला कॅमेरा निघतोच. थंडीतल्या रविवारी पोरं खाडीवर जातात, पाच-सहाशे फोटो मारतात आणि रात्री मेसमधून परतल्यावर ग्रुपवर त्यातला एक टाकतात, "हा कोण रे?" दहा सेकंदांत उत्तर येतं, "लिटल स्टिंट!" विषय संपला. उत्साहाला आमचा सलाम. आक्षेप आहे तो त्या दहा सेकंदांवर.

फ्लेमिंगो ओळखायला कुणी लागत नाही. पण ओहोटीच्या चिखलात तुरुतुरु पळणारे टिलवे आणि चिखल्या म्हणजे भल्याभल्यांची केटी! हिवाळ्यात बहुतेक सगळे वरून राखाडी-तपकिरी, खालून पांढरे. लिटल स्टिंट म्हणजे छोटा टिलवा, चिमणीएवढा, वजन साधारण २० ते ३० ग्रॅम, पाय काळे. टेमिंकच्या टिलव्याचे पाय पिवळसर-हिरवट. पुस्तकात किती सोपं! पण चिखलाने माखले की सगळेच पाय काळे. संध्याकाळच्या उन्हात राखाडी पाठ तपकिरी दिसते. चोच कॅमेऱ्याकडे जराशी वळली की आखूड दिसते. आणि सँड प्लोव्हर लेसर की ग्रेटर, हे ठरवताना तर मोठी मदार चोचीच्या आणि पायांच्या लांबीवरच असते.

मित्रांनो, फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल आठवा. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या व्हर्नियरने मोजून जर्नलमध्ये ०.००५ मिमीपर्यंतचं रीडिंग लिहिलं, तर सर जर्नल तोंडावर फेकतात. फोटोलाही असाच लीस्ट काउंट असतो. त्याच्या पलीकडचं नाव देणं म्हणजे शेजाऱ्याच्या शीटवरून जीटी मारणं : उत्तर आहे, पण मोजमाप नाही. ॲपला विचारा, जरूर विचारा. पण त्यालाही तुमचेच पिक्सेल दिसतात. पायावरचा चिखल तेही धुवू शकत नाही.

मग करायचं काय? एका फोटोवर थांबू नका. बाजूने घ्या, समोरून घ्या, उडताना घ्या. टेमिंकच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या असतात, त्या उडतानाच नीट दिसतात. शेजारी ओळखीचा पक्षी असेल तर तोही फ्रेममध्ये येऊ द्या, आकाराचा अंदाज येतो. तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, पक्षी कसा चरत होता, कसा ओरडला, हे तिथेच वहीत लिहा.

"एवढ्याशा पाखरासाठी एवढा खटाटोप?" असं कुणी म्हणेल. स्पून-बिल्ड सँडपायपर ऐका. रशियाच्या ईशान्य टोकाला घरटी करणारा आणि हिवाळ्यात बांगलादेश, म्यानमारपर्यंत येणारा हा पक्षी आता जगात काही शेच उरलाय. त्याची चमच्यासारखी चोच अगदी बाजूने पाहिली तर साधी सरळ वाटते. दहा सेकंदांवाला त्यालाही स्टिंट म्हणून मोकळा होईल! दुसरं उदाहरण २०२३ चं. त्या वर्षी ई-बर्डने लेसर सँड प्लोव्हरच्या सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जाती केल्या. ज्याने नोंदींसकट फोटो जपले, त्याला जुना पक्षी पुन्हा तपासता येतो. ज्याने नुसतं नाव लिहून फोटो डिलीट केले, त्याच्या हाती काय उरलं?

आपण इंजिनीअर होणार, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीच्या चिखलावरूनच समुद्रात शिरतो. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. उद्या अशाच एखाद्या खाडीवरच्या प्रकल्पाची फाइल आपल्या टेबलावर येईल आणि तिच्यात पक्ष्यांची यादी असेल. यादीतलं एक दुर्मिळ नाव खोटं निघालं की बाकीच्या खऱ्या नावांवरही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि नुकसान होतं ते पक्ष्यांचं.

तेव्हा पुढच्या रविवारी फोटो आला आणि खात्री नसली, तर सरळ लिहा, "टिलवा आहे, जात ठरत नाही." ई-बर्डवरही अशा नोंदीची सोय आहे. व्हायवात "माहीत नाही, सर" म्हटल्यावर मार्क जातात हे मान्य. खाडीवर जात नाहीत.