जूनअखेरचा पहिला तास

राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला भरतात; विदर्भात उन्हामुळे महिन्याचा शेवट उजाडतो. वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) परिसरातला इंग्रजीचा शिक्षक वर्गात पाऊल ठेवतो तेव्हा शिवारात कपाशीची टोबणी चाललेली असते आणि मागचे काही बाक रिकामे असतात.

हजेरी, पुस्तकं, वेळापत्रक. मग खरा प्रश्न: आठवीतल्या या मुलांना येतं किती? २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ओळख सात वर्षांची. तरी उभं राहून एक वाक्य बोल म्हटलं की मान खाली जाते. शब्द मात्र भरपूर असतात. गावातच आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. ओपीडी, एक्सरे, ॲडमिट, डिस्चार्ज हे शब्द इथल्या घरांत रोजचे. जाणता शिक्षक तिथूनच सुरुवात करतो. आधी रुग्णालयाच्या पाटीवरचा शब्द फळ्यावर येतो, मग त्याचं वाक्य होतं, मग दोघांचं बोलणं.

सेवाग्राम इथून जवळच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नई तालीमची योजना आखली: सात वर्षं, मातृभाषेतून, हस्तोद्योगासह आणि इंग्रजीविना! त्याच जिल्ह्यात आज पहिलीतली मुलं एबीसीडी गिरवतात. पण परिसरातलं काम धरून शिकवण्याची ती रीत इंग्रजीच्या तासालाही चालते, असं आम्हाला मनापासून वाटतं. त्यासाठी शिक्षकाला सुरुवातीचे दोन आठवडे हवेत, धड्यांची घाई नसलेले.